साकाईच्या गाळातले विकर

प्लास्टिक खाणाऱ्या जीवाणूची गोष्ट सांगणारे बहुतेक जण थेट जपान गाठतात. मी लँकेशायरपासून सुरुवात करतो. विकर, म्हणजे एन्झाइम, हे एखाद्या ठरावीक पदार्थावरच काम करणारे प्रथिन असते. त्याची रचना कळायची तर आधी त्याच्या भक्ष्याची रचना ठाऊक हवी. या गोष्टीतले भक्ष्य जन्मले ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात, इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन गावी, कापडावर छपाई करणाऱ्या कारखानदारांच्या प्रयोगशाळेत.

कारखानदारांच्या त्या संघटनेचे नाव कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन. तिथे जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन हे दोन रसायनशास्त्रज्ञ नवा धागा शोधत होते. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या वॉलेस कॅरोदर्सने त्याआधी दहा वर्षे पॉलिएस्टर बनवून पाहिले होते. पण ते थोड्याशा उष्णतेने मऊ पडायचे, त्यामुळे ते सोडून कॅरोदर्स नायलॉनकडे वळला. त्याने साखळीत सरळ, लवचिक आम्ले वापरली होती. व्हिनफील्डने त्यांच्या जागी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतले, ज्याच्या मधोमध बेंझिनचे ताठ कडे असते. इथिलीन ग्लायकॉलबरोबर ते शिजवल्यावर जो चिकट गोळा तयार झाला, त्यातून धागा ओढता आला आणि तो अडीचशे अंशांपर्यंत वितळेना. पेटंटचा अर्ज 1941 च्या जुलैमध्ये गेला. युद्ध चालू असल्याने तो गुप्त ठेवला गेला. या पदार्थाचे नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, आपल्या रोजच्या बोलण्यात 'पेट'. धागा म्हणून तो इंग्लंडमध्ये 'टेरिलीन' झाला, अमेरिकेत 'डेक्रॉन', आणि साठच्या दशकात ठाण्याच्या कारखान्यात बनू लागला तेव्हा 'टेरीन'. टेरिलीनचा शर्ट आणि टेरिकॉटची पँट घालून मुलगी बघायला गेलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. धुतले की लगेच वाळायचे आणि इस्त्री मोडायची नाही, एवढ्यावर तिने त्या कपड्यांतला घाम सोसला.

युद्ध संपताच हा धागा क्ष-किरणांसमोर धरला गेला. लीड्सचा विल्यम अ‍ॅस्टबरी हा लोकरीच्या आणि केसांच्या तंतूंची क्ष-किरण चित्रे घेणारा माणूस. प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास ज्यांनी सुरू केला त्यांच्यापैकी एक. 1946 मध्ये त्याने सी. जे. ब्राउनसह टेरिलीनच्या रचनेवर टिपण छापले. 1954 मध्ये डॉबेनी, बन आणि ब्राउन या तिघांनी पेटच्या स्फटिकाची तपशीलवार रचना मांडली. साखळ्या जवळजवळ पूर्ण ताणलेल्या, बेंझिनची सपाट कडी एकमेकांना लागून आणि मधे फट जवळपास नाही, असे चित्र त्यातून समोर आले. म्हणजे भक्ष्याचा नकाशा तयार झाला 1954 साली, आणि भक्षकाचा नकाशा यायला आणखी 63 वर्षे लागली. दोन्ही वेळा हत्यार एकच होते, क्ष-किरण.

पेट ताठ असला तरी त्यात एक कच्चा दुवा आहे. आम्ल आणि ग्लायकॉल जिथे जोडले जातात तिथे एस्टर बंध असतो, आणि पाण्याच्या साहाय्याने एस्टर तोडण्याची कला सृष्टीला जुनीच अवगत आहे. आपल्या आतड्यात तेल-तूप पचते ते याच मार्गाने. झाडाच्या पानावर जो मेणचट थर असतो त्यातले क्युटिन हेही एक पॉलिएस्टरच. पानावर हल्ला करणाऱ्या बुरशी ते 'क्युटिनेज' नावाच्या विकराने फोडतात. मग पेट का फुटत नाही? बंध तुटत नाही म्हणून नव्हे, बंधापर्यंत पोचता येत नाही म्हणून. पेटच्या काही भागांत साखळ्या इस्त्री करून रचलेल्या कपड्यांच्या थप्पीसारख्या असतात, काही भागांत बोचक्यात कोंबलेल्या कपड्यांसारख्या. पहिल्या भागाला स्फटिकी म्हणतात, दुसऱ्याला अस्फटिकी. विकराला दुसऱ्यात शिरकाव मिळतो, पहिल्यात जवळपास नाहीच. आणि 1973 मध्ये ड्यू पाँटच्या नॅथनियल वायथने पेटंट घेतलेली शीतपेयाची बाटली फुगवताना पेट मुद्दाम ताणला जातो. साखळ्या रांगेत याव्यात आणि वायूचा दाब पेलावा, हा त्यामागचा हेतू. जे बाटलीला बळ देते तेच तिला विकरापासून वाचवते.

जपानच्या आधी दोन टप्पे झाले, आणि बातम्यांमध्ये ते सहसा येत नाहीत. 2005 मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या रोल्फ-योआखिम म्युलर यांच्या गटाने थर्मोबिफिडा फस्का या उष्णताप्रिय जीवाणूचे विकर 55 अंशांवर पेटवर सोडले आणि तीन आठवड्यांत पेटचे वजन निम्म्यापर्यंत घटलेले दाखवले. 2012 मध्ये ओसाका विद्यापीठातल्या गटाने एक्स्पो 70 या जागतिक प्रदर्शनाच्या जागी झालेल्या उद्यानातल्या पालापाचोळ्याच्या खतातून थेट डीएनए काढला आणि त्यात एका क्युटिनेजचे जनुक शोधले. ते कोणत्या जीवाणूचे, हे कोणालाच माहीत नव्हते. त्याचे नावही तसेच पडले: पानफांद्यांच्या खताचे क्युटिनेज, इंग्रजी आद्याक्षरांनी एलसीसी. तेही पेट फोडायचे. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

पण ही दोन्ही विकरे मुळात पानांसाठी घडलेली होती. पेट त्यांना जाता जाता जमत होते. केवळ पेटवर पोट भरणारा जीव त्यांतून मिळाला नव्हता. क्योटो तंत्रज्ञान संस्थेचे कोहेई ओदा आणि त्यांच्याबरोबर केइओ विद्यापीठाचे केन्जी मियामोतो यांनी तसा जीव शोधायचा घाट घातला. त्यासाठी त्यांनी ओसाकाजवळच्या साकाई शहरातली पेट बाटल्यांच्या पुनर्वापराची जागा निवडली. तिथला गाळ, माती, सांडपाणी, सांडपाणी प्रक्रियेतला मळ असे 250 नमुने गोळा केले. प्रत्येक नमुन्यात पेटची पातळ पट्टी टाकायची आणि काही होते का ते बघत बसायचे, असे ते काम. एका नमुन्यातल्या पट्टीवर जीवांचा थर चढला. त्या समुदायाला क्रमांक 46 असे नाव देण्यात आले. त्यात जीवाणूंबरोबर यीस्टसारख्या पेशी होत्या, प्रोटोझोआही होते. ही गर्दी विरळ करत करत शेवटी एकच जीवाणू वेगळा काढला गेला, तो इडिओनेला साकाएन्सिस 201-एफ6. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर त्याच्या पेशी बारीक तंतूंनी पट्टीला चिकटून बसलेल्या दिसल्या, आणि त्यांच्याखाली पेटमध्ये खड्डे पडलेले. 30 अंशांवर सहा आठवड्यांत पट्टी जवळपास नाहीशी झाली.

शोसुके योशिदा यांचे नाव पहिले असलेला हा लेख 'सायन्स' नियतकालिकात 11 मार्च 2016 रोजी आला. त्यात दोन विकरे होती. पहिले पेटेज: जीवाणू ते पेशीबाहेर सोडतो, ते साखळी तोडून मुख्यतः एमहेट नावाचा तुकडा मोकळा करते. दुसरे एमहेटेज त्या तुकड्याचे टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल करते, आणि ते दोन्ही जीवाणूच्या आहारात जातात. व्हिनफील्डने 1941 मध्ये जे दोन पदार्थ एकत्र शिजवले होते, तेच दोन साकाईच्या गाळात पुन्हा सुटे झाले. 30 अंशांवर पेटच्या पट्टीवर पेटेज हे म्युलरच्या विकरापेक्षा 120 पट आणि एलसीसीपेक्षा साडेपाच पट प्रभावी ठरले. उलट साध्या एस्टरवर मात्र त्याचे काम या इतर विकरांपेक्षा मंद होते. म्हणजे त्याचा कल पेटकडेच होता. यातूनच तो सगळ्यांना भुरळ घालणारा अंदाज निघाला, की हे विकर गेल्या काही दशकांत, पेट जगात आल्यावर, क्युटिनेजपासून घडले असावे.

या लेखावर आक्षेपही लगेच आले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात चिनी संशोधकांनी लक्षात आणून दिले, की प्रयोगातली पट्टी अवघी 1.9 टक्के स्फटिकी होती, जवळजवळ पूर्ण विस्कळीत; बाजारातली बाटली तशी नसते. आक्षेप रास्त होता. जपानी गटाने उत्तर दिले, पण मूळ मुद्दा राहिलाच, आणि पुढची सगळी वर्षे तो या विषयाच्या पाठीस लागून आहे.

इथून खरी धावपळ सुरू झाली. जनुकाचा क्रम छापून आला होता. आता साकाईच्या जीवाणूची गरजच नव्हती. कोणतीही प्रयोगशाळा ते जनुक बनवून घेऊन ई. कोलाय या जीवाणूमध्ये घालू शकत होती, त्यातून पेटेज काढून शुद्ध करू शकत होती. पुढे प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे. ही पायरी कधी महिन्यात पार पडते, कधी वर्षानुवर्षे अडते. त्यात कौशल्याइतकेच दैव लागते. स्फटिक मिळाला की त्यावर क्ष-किरण सोडायचे, विखुरलेल्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा गणिताने काढायचा आणि त्यात अमिनो आम्लांची साखळी एकेक करून बसवायची. ती नीट बसली का हे तपासायला आजही जगभर एक आलेख वापरतात. साखळीच्या सांध्यांना कोणते कोन शक्य आहेत हे सांगणारा हा आलेख 1963 मध्ये मद्रासमध्ये गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. पेटेजची प्रत्येक रचनासुद्धा त्या मद्रासी परीक्षेतून गेलेली आहे.

पहिली रचना 2017 च्या डिसेंबरमध्ये छापून आली, रे-टिंग ग्वो यांच्यासह चिनी संशोधकांच्या गटाकडून. जानेवारी 2018 मध्ये दक्षिण कोरियातल्या क्युंगपूक विद्यापीठाच्या क्युंग-जिन किम यांच्या गटाने आपली मांडली. एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचे जॉन मॅकगीहन आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेचे ग्रेग बेकहॅम यांची आली. आणखीही गट मागेपुढे होते. त्यामुळे एकच अमिनो आम्ल वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळ्या क्रमांकाने येते. चिनी गटाने मोजणी पेशीबाहेर पडताना गळून जाणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यानंतर सुरू केली, इतरांनी तो धरून. यांचे सेरीन 160 म्हणजे त्यांचे सेरीन 131. नव्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा निदान एक दिवस या 29 च्या फरकात जातो.

मॅकगीहन आणि बेकहॅम यांची ओळख प्लास्टिकमुळे झालेली नव्हती. समुद्रातली लाकडे, धक्क्यांचे खांब पोखरणारा 'ग्रिबल' नावाचा इवलासा कवचधारी जीव लाकूड कोणत्या विकराने पचवतो, यावर ते दोघे आधी काम करत होते आणि 2013 मध्ये त्यांनी त्या विकराची रचना छापलीही होती. लाकूड काय किंवा पेट काय, घट्ट रचलेल्या घन पृष्ठभागावर विकर कसे काम करते हाच त्यांचा प्रश्न. पेटेजचे स्फटिक त्यांनी ऑक्सफर्डशायरमधल्या डायमंड या सिंक्रोट्रॉनवर नेले. 562 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना अतितीव्र क्ष-किरण सोडतात. तिथे मिळालेला नकाशा 0.92 अँगस्ट्रॉम इतका बारीक होता. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग. इतक्या बारकाईत अणू एकमेकांपासून सुटे दिसतात.

या नकाशात दिसले ते असे. पेटेज हे 290 अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. मधोमध बीटा पट्ट्यांची पिळलेली चादर, तिच्या दोन्ही बाजूंना अल्फा सर्पिले. एस्टर तोडणाऱ्या विकरांच्या मोठ्या कुळाची ही ठरलेली घडण. पृष्ठभागावर एक खाच, आणि खाचेत तीन अमिनो आम्ले: सेरीन 160, हिस्टिडीन 237, अ‍ॅस्पार्टेट 206. अ‍ॅस्पार्टेट हिस्टिडीनला आधार देते, हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन ओढून घेते, आणि मोकळे झालेले सेरीन पेटमधल्या एस्टर बंधावर हल्ला करते. हे त्रिकूट कुळातल्या सगळ्यांकडे असते, त्यात नवल नाही. नवल होते ते खाचेत. क्युटिनेजची खाच अरुंद असते. पेटेजची रुंद आणि उथळ, बेंझिनच्या ताठ कड्यांना जागा देणारी. दोन गंधकी पूल, म्हणजे साखळीचे दोन भाग बांधणारे गंधकाचे बंध, होते. त्यांतला एक, खाचेलगतचा, क्युटिनेजमध्ये नसतो. आणि खाचेच्या कडेला ट्रिप्टोफॅन 185 होते, जे एका जागी स्थिर नव्हते. चिनी गटाला ते तीन वेगवेगळ्या स्थितींत दिसले.

हा डळमळीतपणा म्हणजे नकाशातला दोष असे कोणी म्हणू शकले असते. पण तसे नव्हते, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. ट्रिप्टोफॅनच्या मागे, म्हणजे 214 आणि 218 या जागांवर, क्युटिनेजमध्ये हिस्टिडीन आणि फेनिलअ‍ॅलानिन ही जाड अमिनो आम्ले असतात. ती ट्रिप्टोफॅनला हलू देत नाहीत. पेटेजमध्ये तिथे सेरीन आणि आयसोल्यूसीन आहेत, बारीक चणीची. मागे जागा मोकळी झाल्यामुळे ट्रिप्टोफॅन वळते, आणि पेटचे कडे आत येताना त्याला सोयीचा कोन देते. 2021 मध्ये ग्वो यांच्या गटाने हीच अदलाबदल दुसऱ्या विकरांत करून पाहिली तेव्हा त्यांचीही पेट फोडण्याची क्षमता वाढली. म्हणजे 30 अंशांवरच्या त्या कर्तबगारीचे एक रहस्य या दोन बदलांत होते.

मॅकगीहन आणि बेकहॅम यांच्या एप्रिल 2018 च्या लेखाला जी प्रसिद्धी मिळाली ती मात्र वेगळ्याच कारणाने. जगभर बातमी अशी फिरली, की शास्त्रज्ञांच्या हातून 'चुकून' प्लास्टिक खाणारे नवे विकर तयार झाले. 'चुकून' हा शब्द मला कधीच पटला नाही. पेटेज क्युटिनेजपासून घडले असेल, तर त्याची रुंद खाच पुन्हा क्युटिनेजसारखी अरुंद केली की ते बिघडायला हवे, असा त्यांचा सरळ तर्क होता. म्हणून सेरीन 238 च्या जागी फेनिलअ‍ॅलानिन आणि ट्रिप्टोफॅन 159 च्या जागी हिस्टिडीन अशी दोन उत्परिवर्तने त्यांनी मुद्दाम, विचारपूर्वक घडवली. विकर बिघडण्याऐवजी सुधारले. बातम्यांत वाढ 20 टक्क्यांच्या आसपास सांगितली गेली. अपेक्षेच्या उलटा निकाल लागला म्हणून प्रयोग अपघात होत नाही. त्या निकालाचा खरा अर्थ बातमीपेक्षा मोठा होता: निसर्गाने पेटेज अजून पुरते घासूनपुसून घेतलेले नाही, सुधारायला पुष्कळ वाव आहे.

त्याच सुमारास महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली होती. अधिसूचना 23 मार्च 2018 ची, अंमल तीन महिन्यांनी. दंडाच्या धास्तीने कापडी पिशव्या शोधणाऱ्या लोकांना एप्रिलमध्ये ही बातमी वाचून हायसे वाटले असेल, तर ते फुकाचे होते. बंदीचा मुख्य रोख पातळ पिशव्यांवर होता, आणि त्या पॉलिथिनच्या. पॉलिथिनमध्ये कार्बनला कार्बन जोडलेला, एस्टर बंध कुठेच नाही. पेटेजच्या त्रिकुटाला तिथे करण्यासारखे काहीच नाही. 'प्लास्टिक खाणारे' या दोन शब्दांनी हा फरक पार पुसून टाकला.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. एप्रिल 2019 मध्ये बर्लिन आणि ग्राइफ्सवाल्डच्या संशोधकांनी एमहेटेजची रचना काढली. 2020 मध्ये मॅकगीहन-बेकहॅम जोडीने दोन्ही विकरे एका साखळीत जोडली; ती जोडी एकट्या पेटेजच्या सहापट वेगाने काम करू लागली. 2022 मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या हॅल अल्पर यांच्या गटाने हजारो प्रथिनरचनांवर शिकवलेल्या संगणक प्रणालीला पेटेज दाखवून कोणती अमिनो आम्ले बेसूर वाटतात ते विचारले. तिच्या सल्ल्याने घडवलेल्या फास्ट-पेटेजने 51 प्रकारची पेटची वेष्टने 50 अंशांवर आठवडाभरात जवळपास पूर्ण फोडली.

कारखान्याने मात्र साकाईचे विकर निवडले नाही. कारण पेटमध्येच आहे. 70 अंशांच्या आसपास त्याच्या अस्फटिकी साखळ्या सैल होतात आणि विकराला आत शिरायला वाट मिळते. त्या तापमानाला पेटेज स्वतःच उलगडून निकामी होते. 30 अंशांच्या गाळात राहणाऱ्या जीवाणूच्या विकराकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. खताच्या ढिगात, कुजण्याच्या उष्णतेत सापडलेले एलसीसी तिथे टिकते. फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या संशोधकांनी कार्बिओस कंपनीबरोबर त्यात चार बदल केले. पृष्ठभागावर कॅल्शियम धरून ठेवणारी जागा होती, तिथे त्यांनी गंधकी पूल बांधला आणि विकर आणखी उष्णतेला पक्के केले. एप्रिल 2020 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवले, की 72 अंशांवर दहा तासांत 90 टक्के पेट सुटा होतो, आणि त्यातून मिळालेल्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून पुन्हा बाटली बनते. विकराचा खर्च नव्या पेटच्या किमतीच्या जेमतेम 4 टक्के. खरा खर्च त्याआधीचा: बाटल्या दळायच्या, वितळवायच्या, झटकन थंड करून स्फटिकीपणा मोडायचा, मगच विकरासमोर ठेवायच्या. 2016 च्या आक्षेपातली ती 1.9 टक्क्यांची पट्टी इथे कारखान्याची अट होऊन बसते.

कार्बिओसचा प्रायोगिक प्रकल्प 2021 मध्ये क्लेरमाँ-फेराँ शहरात सुरू झाला. लाँग्लाव्हिल इथे वर्षाला 50 हजार टन पेट कचरा हाताळू शकणाऱ्या कारखान्याची पायाभरणी एप्रिल 2024 मध्ये झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पैशांच्या जुळवाजुळवीसाठी बांधकाम पुढे ढकलले गेले.